करूळ घाटात गाडी मिसिंग मारतेय: प्लग कोणते टाकू, आणि स्वतः बदलू का?

कळंबाकर
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची, पेट्रोल, तीन सिलिंडरची, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली. ५८,००० किलोमीटर झालेत. स्पार्क प्लग एकदाही बदललेले नाहीत, हे आज सर्व्हिसच्या पावत्या चाळल्यावर कळलं.

काल वैभववाडीहून परत येताना करूळ घाट चढायला लागलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आचके द्यायला लागली. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकला, ॲक्सिलरेटर सोडला की थांबला. आई आणि दोन्ही पोरं गाडीत, खाली दरी, मागे एसटी. सीएनजीवरून पेट्रोलवर घेतल्यावर आचके बरेच कमी झाले. गगनबावड्याच्या वर सपाटीला आल्यावर कोल्हापूरपर्यंत काहीच त्रास नाही. गाडी उभी असताना इंजिन अगदी शांत चालतं.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. न उघडताच प्लगला उच्च व्होल्टेज देणाऱ्या तिन्ही कॉइल, तिन्ही प्लग आणि इंजेक्टर साफ करणं असा आकडा सांगितला, तो ऐकून घरी आलो. मित्राकडच्या स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला आहे.

प्रश्न दोन. साधे प्लग घ्यावेत की इरिडियम? आणि घरी अंगणात स्वतः बदलणं जमण्यासारखं आहे का? पाना-पकड हातात धरायची सवय आहे, पण इंजिनला आजवर हात लावलेला नाही.


कावळा नाका
रविवार, रात्री १०.०५

इरिडियम टाका, विषय संपला. मी माझ्या गाडीत टाकले, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढलं. पैसे जास्त जातात पण एक लाख किलोमीटर बघायला नको.


टुरिस्ट परमिट
रविवार, रात्री ११.२०

दादा, सीएनजीवर ५८ हजार म्हणजे त्या प्लगांनी लई सोसलं. माझी गाडी रोज जोतिबा-पन्हाळा, सीझनला नरसोबाची वाडी. सगळं सीएनजीवर. मी साधे प्लग २० हजाराला काढतोच. गाडी बंद पडायची वाट बघत न्हाई, कारण गिऱ्हाईक गाडीत असतंय. आणि दिवा लुकलुकत असताना तशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जातंय, तिथला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतोय. त्याची किंमत ऐकली की प्लग फुकट वाटतील.


निवृत्त निदेशक
सोमवार, सकाळी ७.१५

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला शिकवत होतो. घाईने काही विकत घेण्याआधी कळंबाकरांनी स्वतःच लिहिलेल्या चार गोष्टी नीट बघाव्यात, कारण निदान त्यांतच आहे.

उभ्या गाडीत इंजिन शांत, चढाला आचके. पेट्रोलवर कमी, सीएनजीवर जास्त. आणि कोड पी०३०२.

प्लगच्या दोन टोकांमध्ये जी फट असते, तिला आपण गॅप म्हणतो, ती ठिणगीला उडी मारून ओलांडावी लागते. सिलिंडरमधला वायू जितका दाबलेला, तितकं या उडीला व्होल्टेज जास्त लागतं. चढाला थ्रॉटल उघडतो, सिलिंडर भरून हवा आत येते, दाब वाढतो. म्हणून अशक्त ठिणगी सपाटीला निभावून नेते आणि घाटात उघडी पडते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅसवर ती आणखी लवकर उघडी पडते. त्यात प्लग झिजला की गॅप वाढत जातो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चार स्ट्रोकच्या इंजिनात एक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो आणि प्रत्येक ठिणगी धातूचा एक सूक्ष्म कण खाऊन जाते.

आता कोड. पी०३०० असता तर मिसफायर, म्हणजे मिश्रण नीट न पेटणं, कुठल्याही सिलिंडरमध्ये होतंय असा अर्थ झाला असता. पी०३०२ म्हणजे फक्त दोन नंबर. तिन्ही प्लग एकाच वयाचे असताना एकटा दोन नंबरच का बोलतो? तिथे झिजेशिवाय आणखी काहीतरी आहे. तिन्ही कॉइल बदलण्याचं मात्र यात कुठेही कारण दिसत नाही. प्लग काढा, क्रमाने ठेवा, फोटो इथे टाका.

कावळा नाका यांना: तुमचे जुने प्लग झिजलेले असणार. नवे साधे टाकले असते तरी पिकअप परत आलाच असता.


कावळा नाका
सोमवार, सकाळी ९.३०

सर, जुने ४५ हजार चाललेले होते हे खरं. पण मग इरिडियमचा फायदा काहीच नाही असं म्हणायचं का?


निवृत्त निदेशक
सोमवार, दुपारी १.५०

फायदा आहे, आणि तो आयुष्याचा आहे. साध्या प्लगला बाजारात तांब्याचा म्हणतात, पण त्याचा तांब्याचा गाभा आत असतो. ठिणगी झेलणारं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. शुद्ध निकेल १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम २,४४६ अंश सेल्सिअसला. एवढ्या कणखर धातूचं टोक बारीक तारेसारखं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते आणि ज्योतीला वाढायला मोकळी जागा मिळते. कॉइलवरचा ताण त्याने खरोखर कमी होतो, म्हणून सीएनजीवाल्याने त्याचा विचार करायला हरकत नाही.

घेताना एक पाहा. काही प्लगांत फक्त मधलं टोक इरिडियमचं असतं आणि वरून वाकलेला दांडा साधाच असतो. तो दांडा झिजतोच. लाखाच्या घरात आयुष्य हवं असेल तर दोन्हीकडे मौल्यवान धातू लागतो.

पण इंजिन साध्या प्लगवरच कंपनीतून बाहेर आलं असेल, तर वेळेवर बदललेला साधा प्लग त्याला पुरतो. उलट मात्र करू नका. मॅन्युअलमध्ये इरिडियम लिहिलं असेल तिथे पैसे वाचवायला साधा टाकू नका.

तीन-चार टोकांचे प्लग येतात त्याबद्दलही विचारलं जातं. ठिणगी एका वेळी एकाच टोकावर उडते. टोकं जास्त असली की झीज वाटली जाते, ताकद वाढत नाही.


बिद्रीचा ऊसवाला
सोमवार, संध्याकाळी ६.१०

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या डिझेल पिकअपला कुठला प्लग चांगला?


निवृत्त निदेशक
सोमवार, संध्याकाळी ६.४०

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटतं. थंडीत सुरू करायला ग्लो प्लग असतात, ती वेगळी वस्तू. सकाळी गाडी लवकर सुरू होत नसेल तर ते तपासून घ्या.


पावसाळी वाट
सोमवार, रात्री ८.५५

कळंबाकर, अंगणात नक्की जमेल. माझ्या गाडीचे मी दोनदा बदललेत, शाहूपुरीत, इमारतीच्या पार्किंगमध्ये. पण माझी पहिली चूक आधी सांगते. एका वर्षी गणपतीच्या आधी मी हौसेने बॉनेट उघडून इंजिनावर प्रेशरचं पाणी मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी तुमच्यासारखीच आचके. कॉइल उपसली तर प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो ज्या खोल भोकात बसतो तिथे, पाणी साचलेलं आणि प्लगच्या षटकोनावर गंज. आपल्याकडचा पाऊस काय कमी असतो, त्यात मी आणखी पाणी घातलं. तेव्हापासून ओलं फडकं पुरे.

आता काम. इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी. हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे ओढले जातात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. कॉइलच्या जोडाची प्लॅस्टिकची कडी वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेली असते, तिला हळू दाबा. बहुतेक गाड्यांत कॉइलचा एकच बोल्ट १० च्या गोटी पान्याने सुटतो, मग कॉइल थोडी फिरवून सरळ वर उपसायची.

इथे थांबा. पाना लावू नका. आधी विहिरीत हवा मारा. सायकलचा पंप आणि लांब नळी चालते. तिथली माती आणि खडे प्लग निघाल्याबरोबर थेट सिलिंडरमध्ये पडतात. मग आतून रबर असलेला प्लग पाना लावा, म्हणजे प्लग वर येताना निसटत नाही. माझ्या गाडीला १६ चा लागतो, तुमचा आधी मोजून घ्या. एका वेळी एकच प्लग काढा आणि पुठ्ठ्यावर १, २, ३ लिहून त्याच क्रमाने ठेवा.

नवा बसवताना त्याच्या टोकाला पेट्रोलची जुनी रबरी नळी वीतभर खोचते आणि नळीने फिरवत खाली सोडते. आटे तिरके लागले तर नळी हातातच घसरते, प्लग पुढे जात नाही. पान्याने तेच कळलं नसतं. नळीने फिरेल तोवर फिरवायचा आणि बसला की मगच पाना.


लेथवाला उद्यमनगर
सोमवार, रात्री १०.३०

ताईंनी नळीचं लिहिलं ते सोन्यासारखं हाय. माझा लेथ शिवाजी उद्यमनगरात. आटे गेलेली हेडं माझ्याकडं येत्यात, म्हणून मला जे दिसतंय ते सांगतो.

आटे दोन कारणानं जात्यात. एक, प्लग तिरका धरून पान्यानं दामटला. दोन, बसल्यावर “अजून एक झटका” म्हणून पान्याला पाईप लावून आवळला. प्लगचा आटा लोखंडाचा आणि हेडचा ॲल्युमिनियमचा. कोण हरणार? हेडच. दीडशे-दोनशे रुपयाच्या प्लगापायी आख्खं हेड माझ्या टेबलावर येतंय. परवाच एक पोरगा हेड घेऊन आला, तोंड एवढंसं झालेलं. वडिलांची गाडी होती, स्वतः करायला गेला आणि पाईप लावला.

दुरुस्ती होती. मोठा आटा पाडून आत हेलिकॉइल, म्हणजे तारेचा आटा, नाहीतर पक्का बुश बसवतो, त्यात मूळ मापाचा प्लग परत बसतोय. पण मी हेड उतरवूनच करतो. गाडीवर बसवूनच करा म्हणणारे लई येत्यात. आटे पाडायच्या टॅपला कितीबी ग्रीस लावा, चुरा आत पडायचा धोका राहतोच, आणि एकदा का चुरा सिलिंडरला ओरखडला की मग बोअरचं काम निघतंय. आमच्या कोल्हापुरात ओतकामापासून बोअरिंगपर्यंत सगळं एका हाकेवर मिळतंय. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या माणसांनी इथं यंत्राची विद्या रुजवली. पण म्हणून हेड बिघडवूनच आमच्याकडं यायला पाहिजे असं न्हाई.

कितपत आवळायचा ते सर सांगतील.


निवृत्त निदेशक
मंगळवार, सकाळी ७.००

आटा किती मिलिमीटरचा ते आधी पाहायचं. ॲल्युमिनियमच्या हेडला १४ मिलिमीटरच्या, वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर. १२ मिलिमीटरला १५ ते २०. १० मिलिमीटरला १० ते १२. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. किती जोर लावला ते दाखवणारा टॉर्क पाना नसेल तर १४ चा नवा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. त्यात वॉशर दबतो आणि सील होतो. तोच प्लग काढून परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा भाग पुरे. काही प्लगांना वॉशरच नसतो, बूड निमुळतं असतं. त्यांना सोळावा भाग. तिथे अर्धा फेरा दिलात तर लेथवाल्यांची गाठ पडेल.

सैलही नको. प्लगची उष्णता मुख्यतः आट्यांतून आणि बैठकीतून हेडमध्ये जाते. सैल प्लग गार होत नाही.


टुरिस्ट परमिट
मंगळवार, सकाळी ८.४५

मी आट्यांना ग्रीस लावून बसवतो, पुढच्या वेळी लवकर निघतंय.


निवृत्त निदेशक
मंगळवार, सकाळी ९.१०

ते थांबवा. आजच्या प्लगांच्या आट्यांवर मुलामा असतो, तो त्याच कामासाठी आहे. वंगण लावलं की घर्षण कमी होतं आणि पान्यावर तोच आकडा दिसत असताना आट्यांवर ओढ कितीतरी जास्त पडते. तुमचे आटे टिकले कारण तुम्ही २० हजाराला काढता आणि तुमचा हात हलका आहे. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस कॉइलच्या, प्लगवर चढणाऱ्या रबरी बुटाच्या आत अगदी थोडं लावलं तर चालतं, म्हणजे बूट प्लगला चिकटत नाही.

प्लगच्या नंबरबद्दल कुणी विचारलं नाही, पण खरी फसगत तिथेच होते. त्या नंबरात आट्याचं माप, आट्याची लांबी, रेझिस्टर आहे की नाही आणि हीट रेंज एवढं दडलेलं असतं. हीट रेंज म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते. टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते. ८०० च्या पलीकडे गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. आता गंमत पाहा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. म्हणून एका कंपनीचा ६ बघून दुसऱ्या कंपनीचा ६ उचलू नका. दुकानदाराला गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगा आणि मिळालेला नंबर पुस्तकाशी ताडून पाहा.

आट्याची लांबी चुकली तर त्याहून वाईट. लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला जाऊन भिडतो. जुना-नवा शेजारी धरून बघायला दहा सेकंद लागतात.

नंबरात आर असेल तर आत रेझिस्टर असतो, साधारण ५ किलो-ओहमचा. ठिणगीचा विद्युत गोंगाट तो दाबतो. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, असलेल्या गाडीला बिनरेझिस्टरचा प्लग कधीही नको.


पावसाळी वाट
मंगळवार, दुपारी २.२०

नकली मालाबद्दल एक. नावाजलेल्या कंपनीचे प्लग निम्म्या किमतीत मिळत असतील तर घेऊ नका. मला एकदा असा डबा मिळाला होता. चिनी मातीवरची अक्षरं नखाने निघाली आणि मधलं टोक वाकलेल्या दांड्याच्या बरोबर खाली नव्हतंच. पक्की पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या.


कळंबाकर
गुरुवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. काल सुट्टी होती, पहाटे साडेसहाला बॉनेट उघडलं.

एक आणि तीन नंबरचे प्लग तपकिरी-राखाडी, कोरडे. टोकांच्या कडा गोल झालेल्या. पुस्तकात गॅप १.० ते १.१ मिलिमीटर आहे, दोन्ही १.३ भरले. दोन नंबरच्या विहिरीत ऑइल होतं, कॉइलचा रबरी बूट खालून ओला. तो प्लग बाहेर काढला तर गॅप १.३ च, पण पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. तिन्ही प्लगांवर धातूच्या कडेला तपकिरी कडंही आहे.

माझ्या पुस्तकात साधेच प्लग आहेत, तेच आणले. आटा १२ चा निघाला. टॉर्क पाना शेजाऱ्यांकडून घेतला आणि १८ वर लावला. नळीची युक्ती केली. दोन नंबरचा पहिल्यांदा तिरका लागला, नळी हातात घसरली, उलटा फिरवून परत लावला आणि सरळ गेला. पान्याने केलं असतं तर आज मी उद्यमनगरात असतो.

गाडी चांगली वाटली म्हणून पन्हाळ्याला नेली. वाघबीळच्या पुढच्या चढाला सीएनजीवर पुन्हा दोन आचके. कोड तोच, पी०३०२.


निवृत्त निदेशक
गुरुवार, रात्री १०.००

तपकिरी कडं विसरा. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, त्याने काही बिघडत नाही. ती काळी रेघ मात्र गुन्हेगार आहे. ठिणगीने गॅप ओलांडायचं सोडून चिनी मातीच्या बाहेरून धातूवर उतरायला वाट शोधली, ती वाट कार्बनची झाली. अशी रेघ प्लगावर असली की बुटाच्या आतही बहुधा जोडीला असते. नवा प्लग टाकला तरी ठिणगी बुटातल्या जुन्या वाटेनेच जाते.

पैसे खर्च करण्याआधी खात्री करा. दोन आणि तीन नंबरच्या कॉइल बुटासकट अदलाबदल करा, कोड पुसा, त्याच चढाला न्या. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी०३०२ च राहिला तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघावं लागेल.

ऑइल विहिरीत वरून आलंय. टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांचे सील गेलेत. ते बदलल्याशिवाय नवा बूटही फार दिवस टिकणार नाही.


लेथवाला उद्यमनगर
गुरुवार, रात्री १०.२०

कव्हर बसवताना बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे आवळा भावा. ते आटेबी ॲल्युमिनियमचेच हायेत.


कळंबाकर
रविवार, संध्याकाळी ७.३०

अदलाबदल केली. शुक्रवारी संध्याकाळी त्याच चढाला कोड पी०३०३ आला. बॅटरीच्या उजेडात त्या बुटाच्या आत पाहिलं तर तशीच काळी रेघ, प्लगावरच्या रेघेच्या बरोबर समोर.

आमच्या कॉइलचा बूट सुटा मिळाला नाही, म्हणून एक कॉइल घेतली. गॅस्केट आणि नळ्यांचे सील शनिवारी ओळखीच्या मिस्त्रींकडून बदलून घेतले. ते काम मला अंगणात करायचं धाडस झालं नाही. सगळा खर्च मिळून त्या गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसला.

आज सकाळी आईला घेऊन परत वैभववाडीला गेलो. येताना करूळ घाट पूर्ण सीएनजीवर चढलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. एकही आचका नाही, दिवा नाही. वर गगनबावड्यात धुकं होतं, चहा घेतला आणि स्कॅनर लावला. कोड शून्य.

टुरिस्ट परमिट दादा, पुढच्या वेळी किती किलोमीटरला उघडू?


टुरिस्ट परमिट
रविवार, रात्री ८.०५

तुमचं चालवणं माझ्याएवढं न्हाई, पण गॅसवर आहात. २० हजाराला एकदा काढून गॅप मोजा. वाढला असेल तर बदला, न्हाईतर परत बसवा. तेव्हा बारावा भागच फिरवा बरं का, अर्धा फेरा नवीन वॉशरला असतोय.


पावसाळी वाट
रविवार, रात्री ८.४०

आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर आणि प्लगचा नंबर मार्करने लिहून ठेवा. पावत्या हरवतात.


कळंबाकर
रविवार, रात्री ८.५५

लिहिलं. ५८,४१०.